बेसबॉलचा प्रशिक्षक व्हायचे म्हणजे नेमके काय व्हायचे?

आपले चिरंजीव टेक्सासमधील एका महाविद्यालयाच्या संघात कॅचर (बॅट्समनच्या मागे बसून चेंडू झेलणारा, जणू आपला यष्टिरक्षक) आहेत, त्यांचे हे शेवटचे वर्ष आहे, व्यावसायिक संघांकडून बोलावणे येण्याची आशा आता उरलेली नाही, आणि संगणकशास्त्राची पदवी हातात येत असताना ते "मला कॉलेजात बेसबॉल शिकवायचे आहे" असे म्हणू लागले आहेत. आम्हा दोघांना क्रिकेटपलीकडचे काही कळत नाही, तेव्हा या पेशात माणूस स्थिरस्थावर होतो का, किती वर्षांनी होतो आणि शेवटी कुठवर पोहोचतो, असे आपण विचारले आहे. मी २४ वर्षे हेच काम करतो आहे. सुरुवातीला पदव्युत्तर शिक्षण घेता घेता मदतनीस होतो, मग एका मोठ्या विद्यापीठात विनावेतन सहायक झालो, पुढे पगारी सहायक, आणि गेली ९ वर्षे एका लहान महाविद्यालयाचा मुख्य प्रशिक्षक आहे.

माणूस स्थिर होतो, पण उशिरा होतो. बहुतेकांच्या बाबतीत पस्तिशी उलटल्यावर. आणि तोवरची वर्षे त्याने कोणत्या विद्यापीठात काढली यापेक्षा कोणाच्या हाताखाली काढली, यावर पुढचे जवळजवळ सगळे ठरते. ही दुसरी गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही, कारण आपल्याकडे आधी संस्थेचे नाव पाहण्याची सवय आहे.

माइक मार्टिन यांचे उदाहरण घेतो, कारण विजयांच्या संख्येत या खेळातला एकही महाविद्यालयीन प्रशिक्षक त्यांच्या पुढे नाही आणि तरीही त्यांची वाट सरळ नव्हती. १९६५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे खेळाडू म्हणून ते राष्ट्रीय अंतिम फेरीसाठी ओमाहाला गेले. नंतर काही वर्षे ते व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या पायऱ्यांवर खेळले आणि तिथून वर सरकता येत नाही हे उमगल्यावर शिकवण्याकडे वळले. टॅलाहासी शहरातल्या सामुदायिक महाविद्यालयात ते काही काळ चक्क बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते. १९७५ मध्ये ते आपल्या जुन्या विद्यापीठात वुडी वुडवर्ड यांचे सहायक म्हणून परतले. वुडवर्ड गेले तेव्हा १९७९ च्या हंगामासाठी डिक हाउजर यांना आणले गेले आणि मार्टिन सहायकच राहिले. हाउजर एकाच हंगामानंतर न्यूयॉर्क यँकीज या व्यावसायिक संघाचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, म्हणून निघून गेले, तेव्हा कुठे १९८० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, मार्टिन यांना मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची मिळाली. ती मिळण्यात त्यांच्या कर्तबगारीइतकाच वरच्या दोन माणसांच्या जाण्याचा वाटा होता, आणि त्या दोघांच्याही काळात ते जागचे हलले नाहीत याचाही होता.

त्यानंतर ते ४० हंगाम त्याच खुर्चीवर होते. त्या ४० पैकी प्रत्येक हंगामात त्यांच्या संघाने ४० किंवा अधिक सामने जिंकले आणि प्रत्येक वर्षी तो राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरला. २०१८ मध्ये त्यांनी ऑगी गॅरिडो यांचा १,९७५ विजयांचा विक्रम मोडला, २०१९ मध्ये २,००० चा टप्पा ओलांडला आणि २,०२९ विजयांवर ते थांबले. मात्र राष्ट्रीय विजेतेपद त्यांना एकदाही मिळाले नाही.

हे नीट कळण्यासाठी ओमाहा म्हणजे काय ते सांगायला हवे. नेब्रास्का राज्यातल्या या शहरात १९५० पासून, साथीचे २०२० वगळता, दर जूनमध्ये महाविद्यालयीन बेसबॉलची अंतिम फेरी भरते. देशात प्रथम श्रेणीचे सुमारे ३०० संघ आहेत. त्यांतले ६४ राष्ट्रीय स्पर्धेत येतात, चार-चारच्या १६ गटांतून १६ उरतात, त्यांच्या जोड्यांतून ८ उरतात आणि हे ८ ओमाहाला जातात. आपल्या वारकऱ्यांना जशी आषाढी, तसा या लोकांना जून. मार्टिन यांच्या प्रशिक्षक म्हणून १७ वाऱ्या झाल्या. १९८६ मध्ये ते अंतिम सामन्यात ॲरिझोनाकडून हरले आणि १९९९ मध्ये मायामीकडून ६-५ असे एका धावेने. शेवटच्या वर्षी, २०१९ मध्ये, त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत जेमतेम शिरला होता. पण आधी जॉर्जिया आणि मग लुइझियाना स्टेटच्या घरच्या मैदानांवर जिंकून तो पंचाहत्तरीतल्या प्रशिक्षकाला पुन्हा एकदा ओमाहाला घेऊन गेला. तिथे त्यांनी आर्कान्सासला १-० असे हरवले, मिशिगनकडून ०-२ आणि टेक्सास टेककडून १-४ अशी हार पत्करली आणि कारकीर्द संपली. विजेतेपदाविना गेलेली ही कारकीर्द अपुरी मानावी का, यावर आमच्या लोकांत अजूनही वाद होतात. माझ्या मते हा वाद घालणाऱ्याने स्वतः कधी संघ चालवलेला नसतो. बेसबॉलमध्ये एका सामन्याचा निकाल फार मोठ्या प्रमाणात नशिबाच्या हातात असतो. ४० वर्षांतली पात्रता मात्र नशिबाने मिळत नाही.

आता चिरंजीवांच्या पुढल्या १० वर्षांविषयी. प्रथम श्रेणीच्या संघाला जून २०२३ पर्यंत मुख्य प्रशिक्षकाखेरीज दोनच पगारी सहायक ठेवण्याची परवानगी होती. तिसरा ठेवायचा तर तो 'स्वयंसेवक' असावा लागे, म्हणजे काम पूर्णवेळ आणि वेतन शून्य. मी त्या जागेवर ४ वर्षे काढली. सकाळी ६ ला खेळपट्टीची माती ओढणे, पाऊस आला की ताडपत्री पसरणे, दुपारी फंगो नावाच्या हलक्या, लांब बॅटने इनफिल्डच्या (बेसांजवळ उभ्या राहणाऱ्या) पोरांना शे-दोनशे चेंडू मारून देणे, संध्याकाळी व्हिडिओ कापणे, आणि परगावच्या सामन्यानंतर गाडी चालवणे. पोटापाण्याची सोय उन्हाळी शिबिरांतून होई. शाळकरी मुले फी भरून येत आणि त्यातला वाटा मुख्य प्रशिक्षक आपल्या मर्जीनुसार आम्हाला देत. एका वर्षी तो वाटा ठरल्याच्या निम्माच मिळाला आणि विचारण्याची सोय नव्हती, कारण विचारणाऱ्याच्या जागेवर येण्यास दहा जण रांगेत उभे होते. जुलै २०२३ पासून नियम बदलला आणि त्या तिसऱ्या माणसालाही पगार देता येऊ लागला. त्यामुळे चिरंजीवांचा प्रवेश माझ्याहून सुसह्य होईल. तरीही पहिली जागा बहुधा पदव्युत्तर शिक्षणाच्या फीमाफीच्या मोबदल्यात किंवा एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात (इथे ते शाळेनंतरचे, दोन वर्षांचे असते) तुटपुंज्या मानधनावर मिळेल, असे धरून चाला.

पैसा कधीच आड आला नाही अशी एक कारकीर्द मात्र आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रॉड डेडो यांनी १९४२ ते १९८६ एवढा काळ संघ सांभाळला आणि ११ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. हा आकडा आजही कोणी गाठलेला नाही. त्यांतली बहुतेक वर्षे ते वर्षाला नाममात्र १ डॉलर घेत, कारण त्यांचा मालवाहतुकीचा स्वतःचा मोठा व्यवसाय होता. १९७३ च्या ओमाहात मिनेसोटाविरुद्ध शेवटच्या इनिंगला त्यांचा संघ ०-७ असा मागे होता, समोर पिचर (चेंडू टाकणारा) डेव्ह विनफिल्ड होता, आणि त्या एका इनिंगमध्ये ८ धावा करून त्यांनी सामना जिंकला. ट्रक विकत घेण्याइतके भांडवल आपल्याकडे असेल तर हा मार्ग उत्तम आहे, एवढेच त्याबद्दल म्हणतो.

बाकीच्यांना वस्ताद शोधावा लागतो. स्किप बर्टमन हे अनेक वर्षे मायामी बीचच्या एका शाळेत शिकवत आणि तिथला संघ घडवत होते. १९७६ मध्ये मायामी विद्यापीठाचे रॉन फ्रेझर यांनी त्यांना सहायक म्हणून घेतले. फ्रेझर हा मोठा खटपट्या माणूस होता. विद्यापीठाकडे बेसबॉलसाठी पैसा नव्हता, तेव्हा त्यांनी मैदानाच्या मधोमध ताटाला ५,००० डॉलर घेऊन शाही जेवणावळ घातली. बर्टमन यांनी त्यांच्याकडे ८ हंगाम काढले. पिचर कसे घडवायचे हे त्यांना आधीच येत होते, पण लोकांना मैदानावर कसे आणायचे हे ते तिथे शिकले. पुढे १९८४ च्या हंगामासाठी लुइझियाना स्टेटने त्यांना नेमले. महाविद्यालयीन मुख्य प्रशिक्षक म्हणून ती त्यांची पहिलीच खुर्ची आणि वय ४५. त्या गावात तेव्हा बेसबॉलला फारसे कोणी विचारत नव्हते; १९९६ नंतर वर्षानुवर्षे देशातली सर्वाधिक प्रेक्षकसंख्या त्याच मैदानाची होती. २००१ मध्ये निवृत्त होईतो त्यांनी ५ विजेतेपदे जिंकली. त्यांतले १९९६ चे विजेतेपद गंमतीचे आहे. अंतिम सामन्यात त्यांचा संघ एका धावेने मागे, शेवटची इनिंग, दोन खेळाडू बाद, एक तिसऱ्या बेसवर, आणि बॅटिंगला वॉरन मॉरिस, ज्याचा बराच हंगाम हाताच्या दुखापतीत गेला होता आणि ज्याने त्या वर्षी एकही होमरन (आपल्या षटकारासारखा मैदानाबाहेरचा फटका) मारला नव्हता. त्याने पहिल्याच चेंडूवर होमरन मारला आणि सामना ९-८ असा संपला. समोरचा संघ होता मायामी, म्हणजे बर्टमन जिथे शिकले तोच. तोपर्यंत फ्रेझर निवृत्त झाले होते.

चिरंजीवांना वाटत असेल की हे काम म्हणजे डगआउटमध्ये, म्हणजे मैदानालगतच्या खेळाडूंच्या बाकापाशी, उभे राहून खुणा करणे. तो भाग वर्षातले ५६ साखळी सामने आणि पुढचे जे काही वाट्याला येईल तेवढाच. खरे काम खेळाडू मिळवण्याचे आणि त्यांच्यात पैसा वाटण्याचे असते, आणि तिथेच बहुतेक चांगले शिक्षक हरतात. अमेरिकन फुटबॉलच्या संघाला भरपूर पूर्ण शिष्यवृत्त्या मिळत, बेसबॉलला अनेक वर्षे केवळ ११.७ होत्या आणि त्या जास्तीत जास्त २७ जणांत वाटायच्या, प्रत्येकाला किमान पाव. २७ पाव म्हणजे पावणेसात. उरतात जेमतेम पाच, आणि त्या पाचांतून चांगल्या पिचरांना, शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाला), कॅचरला वरचे द्यायचे. मी पगारी सहायक असताना हा हिशेब दर हिवाळ्यात वहीवर मांडत असे. एखाद्या आईला फोनवर सांगावे लागे की तुमच्या मुलाला आम्ही ३५ टक्के देऊ शकतो, उरलेले तुम्हाला भरावे लागतील, आणि त्या घरात दुसरे एक मूल पुढच्याच वर्षी महाविद्यालयात जाणार असे. २०२५-२६ पासून, न्यायालयीन तडजोडीनंतर, त्यात सहभागी झालेल्या विद्यापीठांसाठी ही मर्यादा उठली आहे. आता संघात ३४ खेळाडू आणि ऐपत असेल तर सर्वांना पूर्ण शिष्यवृत्ती. ऐपत मात्र मूठभर विद्यापीठांचीच आहे, त्यामुळे पूर्वी नियमाने जी थोडीफार बरोबरी राखली होती ती आता राहणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मी आज जिथे आहे त्या तृतीय श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला मुळातच मनाई आहे. तिथे मी मुलांना फक्त अभ्यासाची गोडी आणि भरपूर खेळायला मिळेल एवढेच सांगू शकतो, आणि खरे सांगायचे तर ही बोलणी मला अधिक सोपी जातात.

मिळवलेला खेळाडू टिकेल याची खात्री नसते. शाळा संपवलेल्या मुलाला व्यावसायिक संघ जुलैच्या निवडीत थेट उचलू शकतात. तो चार वर्षांच्या महाविद्यालयात दाखल झाला की साधारण तीन वर्षे किंवा वयाची २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावता येत नाही. मी एका पिचरच्या मागे २ वर्षे होतो. त्याच्या गावी अकरा वेळा गेलो, त्याच्या आजोबांच्या अंगणात बसून लिंबूपाणी प्यालो. जुलैत एका व्यावसायिक संघाने त्याला करार दिला आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. त्याला दोष देण्यासारखे त्यात काहीच नव्हते. अलीकडे याच्या जोडीला बदलीची मुभा आली आहे. २०२१ पासून खेळाडूला एकदा दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळता येऊ लागले, आणि पुढे तीही मर्यादा सैल झाली. म्हणजे स्वतः घडवलेला मुलगा दरवर्षी पुन्हा मिळवावा लागतो.

आणखी एक गोष्ट आहे, जी नोकरीच्या जाहिरातीत लिहिलेली नसते. राष्ट्रीय स्पर्धेच्या गटात तीन-चार दिवसांत चार-पाच सामने खेळावे लागतात आणि दमदार पिचर दोन-तीनच असतात. मी सहायक असताना आमच्या मुख्य प्रशिक्षकांनी शुक्रवारी शंभरावर चेंडू टाकलेल्या मुलाला रविवारी पुन्हा उभे केले. मुलगा "मी टाकतो सर" असे म्हणाला होता. विशीतला मुलगा दुसरे काय म्हणणार? त्याच्या कोपराचा अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली, दीड वर्ष गेले. मी त्या दिवशी डगआउटमध्येच उभा होतो आणि गप्प राहिलो. हे मी स्वतःची बाजू सावरण्यासाठी सांगत नाही. अशा प्रसंगी तोंड उघडणाऱ्या सहायकाला पुढच्या वर्षी नोकरी असेलच असे नाही आणि न उघडणाऱ्याला झोप लागत नाही, हे चिरंजीवांना या पेशात शिरण्यापूर्वी ठाऊक असावे. माझ्या संघात आता चेंडूंची मोजणी विद्यार्थी-मदतनीस करतो, आणि ठरलेल्या आकड्याला तो मुलाला थांबवतो, मला विचारत नाही.

स्थैर्याचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. काही वेळा खुर्चीच नाहीशी होते. ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स कॉलेजने आपला बेसबॉल संघ १९९९ च्या हंगामानंतर बंद करण्याचे ठरवले. त्या अखेरच्या हंगामात संघाने बिग ईस्ट परिषदेचे (विद्यापीठांच्या एका साखळीचे) विजेतेपद जिंकले, राष्ट्रीय स्पर्धा खेळली, आणि तरीही तो बंद झाला. काही वेळा नावही वाचवू शकत नाही. माइक मार्टिन निवृत्त झाल्यावर त्यांचे चिरंजीव माइक मार्टिन ज्युनियर, जे वडिलांकडे दीर्घकाळ सहायक होते, मुख्य प्रशिक्षक झाले; पहिला हंगाम साथीने अर्ध्यात थांबला आणि तिसऱ्यानंतर विद्यापीठाने त्यांना दूर केले. त्यांच्या जागी आलेले लिंक जॅरेट हेही थोरल्या मार्टिन यांचेच जुने खेळाडू.

ज्युनियर मार्टिन यांच्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण चिरंजीव कॅचर आहेत. २००७ मध्ये सहायक असताना त्यांनी बस्टर पोझी नावाच्या शॉर्टस्टॉपला कॅचर होण्याचा सल्ला दिला. पोझीने पुढल्या वर्षी एका सामन्यात नऊच्या नऊ जागांवर खेळून दाखवले, वर होमरनही मारला, आणि नंतर सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून तीन वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली. आज तोच पोझी जायंट्सच्या बेसबॉल विभागाचा प्रमुख आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने मॅनेजर म्हणून कोणाला निवडले, तर टेनेसी विद्यापीठाचे प्रशिक्षक टोनी व्हिटेलो यांना. व्यावसायिक संघात खेळण्याचा किंवा शिकवण्याचा कसलाही अनुभव नसताना महाविद्यालयातून थेट मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक लीगमधल्या मॅनेजरपदी जाणारे ते पहिलेच. व्हिटेलो यांची आजची कमाई वाचून पालकांचे डोळे विस्फारतात; टेनेसीतच ते वर्षाला सुमारे ३० लाख डॉलर मिळवत होते. पण त्याआधी मिझुरी, टेक्सास ख्रिश्चन आणि आर्कान्सास अशा तीन ठिकाणी मिळून सुमारे १५ वर्षे ते सहायक होते, हे त्या बातम्यांच्या तळाशी एका ओळीत असते. कॅचरला या पेशात किंचित आघाडी मिळते, कारण मैदानाकडे तोंड करून उभा असलेला तो एकटाच खेळाडू असतो आणि पिचरशी त्याचे बोलणे रोजचे असते. संगणकशास्त्राची पदवीही फुकट जाणार नाही. चेंडूची फिरकी आणि बॅटचा वेग मोजणारी रॅप्सोडो, ट्रॅकमनसारखी यंत्रे आता मोठ्या विद्यापीठांत नित्याची झाली आहेत, आणि त्यांचे आकडे मुलांना दोन साध्या वाक्यांत समजावून सांगणारा माणूस मात्र अजून सहजासहजी मिळत नाही.

आता करायचे काय? आमच्याकडे संगीत खुर्ची जूनमध्ये सुरू होते. २०२४ मध्ये टेक्सास ए अँड एम संघ ओमाहाचा अंतिम सामना हरला, आणि त्यानंतरच्याच दिवशी त्याचे प्रशिक्षक जिम श्लॉसनेगल कट्टर प्रतिस्पर्धी टेक्सास विद्यापीठाचे झाले. असा एक मोठा माणूस हलला की त्याच्यासोबत सहायक हलतात, त्यांच्या जागी खालचे जातात, आणि ऑगस्टपर्यंत कुठल्यातरी कनिष्ठ महाविद्यालयात मोकळी झालेली शेवटची खुर्ची उरते. ती आपल्या चिरंजीवांची. म्हणून अर्ज मे महिन्यातच तयार असावा, आणि उन्हाळ्यात त्यांनी एखाद्या हौशी उन्हाळी लीगमध्ये पिचरांचा सराव घेणारा कॅचर म्हणून विनातक्रार राबावे, कारण तिथे ३० महाविद्यालयांचे पिचर एकत्र येतात आणि प्रत्येकामागे एक प्रशिक्षक फोनवर असतो. अर्जासोबत स्वतःच्या बॅटिंगचे व्हिडिओ जोडू नयेत. त्याऐवजी आपल्या संघातल्या कोणत्या पिचरमध्ये कोणता बदल सुचवला आणि त्याचे काय झाले, हे एका पानात लिहावे. निवड करण्याची वेळ आलीच तर नामांकित विद्यापीठातल्या पाचव्या मदतनीसापेक्षा अशा लहान जागेला पसंती द्यावी, जिथला मुख्य प्रशिक्षक त्यांना पहिल्याच महिन्यात एक तरी गट पूर्णपणे सोपवेल आणि ज्याचे जुने सहायक आज कुठे ना कुठे मुख्य प्रशिक्षक आहेत. ही दुसरी बाब संघाच्या संकेतस्थळावरून अर्ध्या तासात तपासता येते. पहिल्या फोनवर पगार विचारू नये. आरोग्यविमा मात्र जरूर विचारावा. मी विचारला नव्हता, आणि दुसऱ्याच वर्षी सरावात चेंडू लागून माझी दोन बोटे मोडली.